पोलिसाच्या घरची वंशावळ

इतिहासाच्या तासाला १८६१ चा पोलीस कायदा चालू होता. सर सांगत होते की, १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तिथे जी पोलीस फौज उभी केली ती आयर्लंडच्या नमुन्यावर. तोच साचा १८५३ साली मुंबई इलाख्यात आला आणि पुढे १८६१ च्या कायद्याने बहुतेक हिंदुस्थानभर पसरला. सांगता सांगता त्यांची नजर माझ्यावर गेली. "म्हणजे हिच्या वडिलांचे खाते मूळचे आयर्लंडचे!" असे ते हसून म्हणाले. वर्ग हसला, मीही हसले. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच "पांडूची पोर" असे म्हटले. ते सरांना ऐकू गेले नाही. मला गेले.

त्या सत्रात ट्यूटोरियलसाठी 'एका कुटुंबाचा इतिहास' असा विषय होता. मैत्रिणींनी मोठमोठी घराणी घेतली. ग्रंथालयात त्यांच्यावर कपाटभर पुस्तके आहेत, तेव्हा त्यात त्यांचे काही चुकले नाही. मी मात्र तास संपल्यावर सरांना गाठले आणि विचारले, "सर, एखाद्या आयरिश पोलिसाचे घर घेऊ का?" सर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घे. पण आधी स्वतःच्या घराची वंशावळ एका कागदावर काढून बघ. काम किती अवघड असते ते कळेल."

ते त्याच रात्री कळले. मी, आण्णा, आजोबा, पणजोबा. चार ओळींत कागद संपला. आजीला विचारले तर ती म्हणाली, "पुढचं कोण सांगनार पोरी? लिव्हनारं कुणी व्हतं का आपल्यात?" ज्यांच्या घरी चाल आहे ते त्र्यंबकेश्वराला जातात आणि तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्यांच्या सात सात पिढ्यांची नावे निघतात. आमच्यातले कोणी तिथे कधी गेले नाही, गेले असले तरी वहीत नाव घालण्याइतकी दक्षिणा कोणाच्या कनवटीला नव्हती. कागद तसाच वहीत ठेवला आणि आयर्लंडकडे वळले.

त्या देशातील पोलीस दलाचे नाव रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी. १८३६ च्या कायद्याने सगळ्या आयर्लंडचे मिळून एक दल झाले. १८६७ साली फेनियन बंडखोरांचा उठाव मोडून काढल्याबद्दल राणी व्हिक्टोरियाने त्याला 'रॉयल' ही पदवी दिली, आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये ते विसर्जित झाले. डब्लिन शहराचे पोलीस वेगळे. बाकीचा सगळा देश यांच्या ताब्यात. हिरवट काळा गणवेश, खांद्यावर बंदूक, आणि गावोगाव 'बरॅक' नावाची लहानशी ठाणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दलात सुमारे दहा हजार माणसे होती. अधिकारी बहुतेक प्रॉटेस्टंट, तर साधे शिपाई बहुसंख्य कॅथलिक, शेतकऱ्यांची मुले. थोरल्याला जमीन मिळायची, धाकट्यांपुढे दोनच वाटा असायच्या: अमेरिकेचे जहाज नाहीतर पोलीस भरती. हे वाचताना मी थांबले. आण्णा आजोबांचे धाकटे. जमीन चार एकर कोरडवाहू.

भरती झालेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. आमच्या भाषेत सांगायचे तर बक्कल नंबर. त्या क्रमांकापुढे मोठ्या नोंदवहीत एक आडवी ओळ असे. त्या ओळीत वय, उंची, धर्म, मूळ काउंटी (काउंटी म्हणजे आपला जिल्हाच), आधीचा धंदा, शिफारस कोणाची, कोणत्या साली कोणत्या काउंटीत बदली, बढती, बक्षीस, शिक्षा आणि शेवटी पेन्शन किंवा मृत्यू. शंभराहून अधिक वर्षांत ऐंशी हजारांवर माणसे या ओळींत बसली आहेत. आण्णांचे सेवापुस्तक मी एकदाच पाहिले आहे. रकाने जवळजवळ तेच.

लग्नाचाही रकाना आहे. पोलिसाला साधारण सात वर्षे नोकरी झाल्याशिवाय लग्न करता येत नसे, आणि तेही वरिष्ठांच्या परवानगीने. स्वतःच्या काउंटीत त्याला नेमणूक मिळत नसे. बायको ज्या काउंटीची, तिथेही नाही. सासुरवाडीच्या माणसांवर हा काठी काय उगारणार, असा सरकारचा हिशेब. म्हणून नोंदवहीत लग्नाची तारीख लिहीत, आणि बायकोची मूळ काउंटी लिहीत. बायकोचे नाव मात्र लिहीत नसत! ते सरकारला नकोच होते. आणि मुले? मुलांसाठी रकानाच नाही. सात मुलांचा बाप असो की निपुत्रिक, ओळ सारख्याच लांबीची.

मग अशा घराची वंशावळ काढतात कशी? यात मला फार गंमत वाटली. आयर्लंडमध्ये १८६४ पासून सगळ्यांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. एकाच आईबापाची मुले शोधत गेले की एक मूल एका काउंटीत सापडते, दुसरे दुसरीकडे, तिसरे तिसरीकडे. शेतकऱ्याची दहाही मुले एकाच गावच्या नोंदीत सापडतील. पोलिसाची नाहीत. तेव्हा बापाच्या बदल्या माहीत असतील तर मुले सापडतात, आणि मुलांची जन्मगावे माहीत असतील तर बापाच्या बदल्या जुळवता येतात. मी वहीच्या समासात लिहिले: अक्का शेवगाव, दादा पाथर्डी, मी श्रीगोंदा. आण्णांची पंधरा वर्षांची नोकरी तीन शब्दांत आली.

आता ज्या घरासाठी मी हा सगळा खटाटोप केला त्या घराविषयी. जेम्स केंट नावाचा एक कॅथलिक पोलीस गॉलवे काउंटीतील बॅलिमो या खेड्यात नेमणुकीवर होता. सक नदीच्या काठचे लहानसे गाव. नियमाप्रमाणे गॉलवे हा त्याचा स्वतःचा जिल्हा असणे शक्यच नव्हते. बायकोचे नाव जोआना. त्यांना सात मुले झाली. सहावा मुलगा एडवर्ड २१ सप्टेंबर १८८१ रोजी तिथल्या पोलीस बरॅकीत जन्मला. ते साल ध्यानात घेण्यासारखे आहे. १८७९ ते १८८२ ही आयर्लंडमधील जमीन-लढ्याची वर्षे. जमीनदार खंड थकलेल्या कुळांना घराबाहेर काढीत होते, कुळे एकजूट करून विरोधात उभी राहत होती, आणि मधे बंदुका घेऊन कोण उभे? हेच शेतकऱ्यांचे धाकटे मुलगे. त्या दिवसांत बॅलिमोच्या बरॅकीत पाळणा हलत होता. पाळण्यातल्या पोराला बाहेरचा आरडाओरडा ऐकू येत होता की नाही, कुणास ठाऊक.

१८८३ मध्ये केंटला बढती मिळाली आणि बदली झाली ती थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, लाउथ काउंटीतील आर्डी गावी. तिथे मुलांच्या शाळा. १८९२ साली पेन्शन घेऊन तो सगळे कुटुंब डब्लिनला घेऊन गेला. मोठ्या कुटुंबाचा पोलीस निवृत्त झाला की शहर गाठतो, कारण मुलांच्या नोकऱ्या शहरात. हे मला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. एडवर्ड ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेत शिकला आणि डब्लिन महापालिकेच्या खजिनदार कचेरीत कारकून झाला. बापाने गोळी झाडायची बंदूक धरली, मुलाने हिशेबाची लेखणी. केंटांच्या घराला यापेक्षा अधिक काय हवे होते?

पण १८९९ साली हा मुलगा गेलिक लीगमध्ये गेला. आयरिश भाषा शिकला, शिकवू लागला. आयरिश पाइप नावाचे वाद्य तो इतके चांगले वाजवी की १९०८ साली रोमला त्याने खुद्द पोपसमोर ते वाजवले. आणि त्याने आपले नाव बदलले. एडवर्ड केंटचा तो एमन क्यांट झाला. तेच नाव, आयरिश भाषेत. वंशावळ काढणाऱ्याची इथे फसगत होते. एकाच आईची दोन मुले, एक केंट आणि एक क्यांट. शंभर वर्षांनी कागद चाळणारा त्यांना दोन घरांतली समजायचा.

पुढची हकीकत आयर्लंडमधल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. २४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. डब्लिनमध्ये उठाव झाला. प्रजासत्ताकाच्या जाहीरनाम्यावर सात सह्या होत्या, त्यांतील एक एमन क्यांटची. आपली तुकडी घेऊन त्याने साउथ डब्लिन युनियन हे गोरगरिबांच्या आश्रमाचे मोठे आवार आठवडाभर लढवले. शरणागतीनंतर सातही जणांना गोळ्या घातल्या. क्यांटला ८ मे रोजी किलमेनहॅमच्या तुरुंगात. तो चौतीस वर्षांचा होता. मागे बायको आणि लहान मुलगा.

त्याचा भाऊ विल्यम केंट ब्रिटिश सैन्यात होता. रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स या पलटणीत कंपनी सार्जंट मेजर. तो फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत मारला गेला. तारीख २४ एप्रिल १९१७. उठावाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी.

ही तारीख मी दोनदा तपासली. वहीत दोघांची नावे एकाच आडव्या रेघेवर लिहिली, कारण भावंडे एकाच रेघेवर लिहायची असतात. वंशावळीत 'बाजू' नावाचा रकाना नाही. एका भावाला ज्या राजाच्या सैनिकांनी मारले, दुसरा त्याच राजासाठी मेला, आणि दोघांचा लहानपणचा भात (तिथे बटाटे म्हणू) त्याच राजाच्या पगारातून शिजला. यातला खरा मुलगा कोणता आणि फितूर कोणता, हे त्यांच्या मायकेल नावाच्या भावाला कोणी विचारले असते तर त्याने काय सांगितले असते? या मायकेलने त्या दिवसांची रोजनिशी लिहून ठेवली आहे. ती मला वाचायला मिळाली तर किती बरे होईल.

असे हे एकच घर नव्हे. उठावात लढलेला मायकेल स्टेन्स हाही आयरिश पोलिसाचाच मुलगा. १९२२ साली नव्या राष्ट्राचे नवे पोलीस दल निघाले तेव्हा त्याचा पहिला प्रमुख तोच झाला. केरी काउंटीतील टॉम क्रीन हा अंटार्क्टिकावर स्कॉट आणि शॅकलटन यांच्याबरोबर गेलेला धाडसी खलाशी. शेतकऱ्याच्या भल्यामोठ्या कुटुंबातला. त्याचा भाऊ कॉर्नेलियस पोलीस सार्जंट होता, त्याला २५ एप्रिल १९२० रोजी कॉर्क काउंटीत दबा धरून गोळ्या घातल्या. त्याच सुमारास नौदलातून निवृत्त होऊन गावी परतलेला टॉम पुढे आपल्या मोहिमांबद्दल फारसे बोलत नसे, असे म्हणतात. ज्या गावात भावाबद्दल बोलण्याची चोरी, तिथे बर्फाच्या गोष्टी कोणाला सांगणार?

कारण तोवर दिवस पालटले होते. एप्रिल १९१९ मध्ये आयरिश संसदेने, डॉलने, पोलिसांवर सामाजिक बहिष्कार जाहीर केला. पोलिसाशी बोलायचे नाही, त्याला दुकानात सामान द्यायचे नाही. त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत दलातील चारशेच्या आसपास माणसे मारली गेली. यांतले पुष्कळजण कॅथलिक, पुष्कळजण शेतकऱ्यांचेच मुलगे. मी हे वाचताना कोणाची बाजू घेत होते ते सांगणे कठीण आहे. स्वातंत्र्याचीच, नाहीतर कोणाची? पण बहिष्कार म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे पिशवी घेऊन वाण्याच्या दुकानातून तशीच परत येणारी पोलिसाची बायको येई, आणि तिचा पदर धरून चाललेली एक मुलगी.

आता कागदांविषयी. माझ्या मते हा या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग आहे.

आयर्लंडमध्ये दर दहा वर्षांनी खानेसुमारी होई. डब्लिनबाहेर घरोघर तक्ते वाटणे आणि गोळा करणे हे काम याच पोलिसांचे. आपल्याकडे ते मास्तरांवर असते. १९०१ आणि १९११ चे मूळ तक्ते आज संगणकावर कोणालाही फुकट बघता येतात. कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मी कितीतरी बघितले. हस्ताक्षर लागायला आधी दोन दुपारी गेल्या. प्रत्येक घराच्या तक्त्याच्या तळाशी तो गोळा करणाऱ्या पोलिसाची सही आहे, पूर्ण नावाची. पण बरॅकीत राहणाऱ्या पोलिसांचा जो वेगळा तक्ता असे त्यात त्यांची नावे नाहीत. फक्त आद्याक्षरे! एक अक्षर, ठिपका, दुसरे अक्षर, ठिपका. पुढे वय, धर्म, काउंटी. गावातल्या तान्ह्या पोराचेसुद्धा नाव ज्याने लिहून नेले, तो स्वतः दोन ठिपके. मी त्या पानाकडे बराच वेळ बघत बसले. बंदोबस्ताचे फोटो वर्तमानपत्रात येतात तेव्हा खाली पुढाऱ्यांची नावे असतात, आणि 'पोलीस बंदोबस्त चोख होता' असे एक वाक्य असते.

मग १९०१ च्या आधीचे काय? ते जवळजवळ सगळे गेले. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारनेच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दी म्हणून लगद्याला गेले. त्याआधीचे, १८२१ ते १८५१ चे, डब्लिनच्या 'फोर कोर्ट्स' इमारतीतील सरकारी दप्तरखान्यात होते. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात तो दप्तरखाना स्फोटाने आणि आगीने उद्ध्वस्त झाला. जुन्या कागदांतले थोडेसेच हाती राहिले. १८८१ चा तक्ता टिकला असता तर त्यात बॅलिमोच्या बरॅकीचे पान असते, आणि त्या वर्षीच जन्मलेल्या एडवर्डच्या थोरल्या भावंडांचा ठावठिकाणाही लागला असता.

पण पोलिसांच्या नोंदवह्या वाचल्या. त्या लंडनच्या दप्तरात आहेत. म्हणजे बघा, घराबाहेर काढल्या गेलेल्या कुळाचे नाव पोलिसाने घरोघर फिरून लिहिले, ते जळाले किंवा त्याचा लगदा झाला. आणि बाहेर काढायला आलेल्या पोलिसाची उंचीसुद्धा इंचापर्यंत आजही सापडते. कुळाच्या पणतवाला पणजा सापडत नाही, पोलिसाच्या पणतवाला सापडतो. मात्र पुष्कळ घरांत पोलिसाच्या पणतवाला तो सापडायला नको होता. घरात त्याचे नाव कोणी काढीत नसे, फोटो पेटीच्या तळाशी. २०२० च्या जानेवारीत आयर्लंडच्या सरकारने या जुन्या दलाच्या स्मरणार्थ डब्लिन कॅसलमध्ये एक कार्यक्रम ठरवला होता. एवढा गदारोळ उठला की तो पुढे ढकलावा लागला. दल जाऊन तेव्हा सत्त्याण्णव वर्षे झाली होती. उलट गॉलवे शहराच्या रेल्वे स्टेशनला १९६६ पासून एमन क्यांटचे नाव आहे. बाप ज्या काउंटीत बदलीवर आला, तिच्या मुख्य स्टेशनावर मुलाचे नाव!

१९११ च्या तक्त्यातील आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. त्यात विवाहित स्त्रियांसाठी तीन रकाने आहेत: लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, आज किती हयात आहेत. एखाद्या बाईपुढे अकरा आणि आठ. दुसरीपुढे सात आणि सात. तिच्यासाठी मला बरे वाटले. ज्या सरकारच्या पोलीस नोंदवहीत तिचे नावसुद्धा नव्हते, त्याच सरकारने तिला हे विचारले होते. आणि पुष्कळ घरांत या बेरजा-वजाबाक्या तपासणारा पोलीस दारात उभा असणार, टोपी काढून, निदान मला तसे वाटते. त्याच्या स्वतःच्या घरचे आकडे त्याला ठाऊकच होते.

हे मी रात्री आईला सांगितले. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "मला विचारलं असतं तर चार आन् तीन लिहिलं असतं."

मला हे माहीत नव्हते. अक्का आणि दादा यांच्या मध्ये एक मुलगा झाला होता. बारशाच्या आधीच गेला, म्हणून नाव नाही. आण्णा तेव्हा बंदोबस्ताला होते, दोन दिवसांनी आले. एवढे सांगून आईने भाकरी उलटली. मी वहीतला तो पहिल्या रात्रीचा कागद काढला आणि अक्का-दादांच्या मध्ये एक रेघ ओढली. रेघेखाली काय लिहायचे ते कळेना, म्हणून आयरिश तक्त्यासारखा नुसता ठिपका दिला.

मग कागद वाढत गेला. आजीकडून तिच्या सासूचे, तिच्या आईचे नाव घेतले. आत्यांची मुले लिहिली. एका जागी येऊन थांबले ती जागा काकांची.

काका म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ. जमीन त्यांच्याकडे. चार वर्षांपूर्वी कांद्याच्या भावासाठी रास्ता रोको झाला, गावाचे नाव सांगत नाही. काका रस्त्यावर बसले होते आणि आण्णांची नेमणूक त्याच रस्त्यावर होती. काठ्या चालल्या. काकांच्या मनगटाचे हाड मोडले. आण्णांची काठी नव्हती, हे काकाही जाणतात. पण आण्णा तिथे उभे होते हेही खरे, आणि कांदा आमच्याही चार एकरातला होता. तेव्हापासून काका आमच्या लाइनीत आले नाहीत आणि आण्णा गावी गेले की आजीला भेटून वेशीवरूनच परत. ट्यूटोरियलमध्ये हे मी लिहिले नाही. तिथे केंटांचेच घर लिहिले, आणि सरांनी वीसपैकी सोळा गुण दिले.

घरचा कागद मात्र टेबलावर राहिला होता. रात्रपाळी करून आलेल्या आण्णांनी तो उचलला, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचला. मला वाटले रागावतील.

"पाथर्डी चुकलंय," ते म्हणाले. "दादाच्या वेळेला मी नेवाशाला होतो. तुझी आई पाथर्डीला मावशीकडं होती."

मी खोडून दुरुस्त केले. त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवले, काही बोलले नाहीत. बोट पुढे सरकत काकांच्या रेघेवर गेले. खाली दोन मुलांची नावे होती आणि तिसरी रेघ रिकामी होती. तिसरी मुलगी त्या रास्ता रोकोनंतरच्या वर्षी झाली.

"हिचं नाव नाही लिहिलंस?"

"मला माहीत नाही, आण्णा. तुम्हांला?"

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग मोबाइल बाहेर काढला, थोडा वेळ हातात धरला आणि माझ्यापुढे केला. "तू लाव," ते म्हणाले. "मी इथंच बसतो."